गुरुवारच्या आत कमोड

माझ्या रुबीनाला जुळं झालं ते साल दोन हजार बावीस. ती हुपरीला दिलेली. दिवाळीच्या आधी बाळंत झाली, आणि दिवाळीनंतर दहाएक दिवसांनी इकडे कळंब्यात तिचे अब्बा पडले. एक बाळ गप्प झालं की दुसरं सुरू. बापाला बघायला यायचं म्हटलं तरी तिला येता येईना. नंतर बऱ्याच जणी मला म्हणाल्या, लेक जवळ असती तर तुमच्यावर ही पाळी आली नसती. आली असती. रुबीनाला भिंतीत खिळा मारता येत नाही.

माझे मालक गैबी. शाळांचे गणवेश शिवायचे. माणूस नीटनेटका. घरातही कधी बनियनवर बसले नाहीत. आमच्या लग्नाला सत्तेचाळीस वर्षं झाली होती, पण माझ्यासमोर त्यांनी कधी चूळ भरली नाही. पाठ करून भरायचे.

शुक्रवारी नमाजहून आले आणि दारातल्याच पायरीवरून घसरले. खुब्याचं हाड मोडलं. शनिवारी ऑपरेशन होऊन आत नवा गोळा बसला. रविवारी डॉक्टरांनी मला आणि माझ्या मुलाला, नईमला, बाजूला घेतलं.

"आजी, तीन गोष्टी लक्षात ठेवा. उकिडवं बसायचं नाही. मांडी घालायची नाही. आणि बसल्या जागी कंबर पिळून वळायचं नाही. यातलं काहीही केलं तर गोळा निसटेल. घरी संडास कसला आहे?"

"आपला साधाच."

"मग कमोड बसवून घ्या. गुरुवारी सोडतो."

मी आत गेले तर माझी सून जोया हातात पाण्याचा पेला घेऊन उभी, आणि मालक भिंतीकडे तोंड करून पडलेले. कालपासून त्यांनी दोन घोट चहावर काढले होते. जेवणाचं ताट तसंच झाकलेलं.

"काय चाललंय हे?" मी म्हटलं.

"भूक न्हाय."

"पाण्यालाबी भूक लागती का?"

जोया बाहेर गेल्यावर बोलले. "पोटात गेलं की बाहेर काढायला भांडं लागतंय. ती बाई येती, चादर वर करती, सगळ्या वार्डासमोर. घरी गेल्यावर तेच सुनेनं करायचं का?"

"सुनेनं कशाला? मी हाय की."

"तू असलीस तरी."

हट्ट मला नवा नव्हता. पण आता डॉक्टर सांगत होते की असंच चाललं तर किडनीवर येईल. मी एवढं समजून घेतलं: घरी कमोड असला तर हा माणूस जेवेल, आणि नसला तर जेवणार नाही. मधे दिवस होते चार.

त्याच संध्याकाळी नईमनं सम्राट नावाचा प्लंबर आणला. पोरगा हुशार, पण एका जागी उभा राहत नव्हता. फोनवर बोलतच संडासात डोकावला, फोनवर बोलतच सामानाची यादी लिहून दिली.

"मावशी, किरकोळ काम हाय. उद्या सकाळी नऊला हजर. तुमी चहा ठेवा फक्त."

यादीप्रमाणे कमोड, टाकी, पाईप, पांढरं सिमेंट असं सगळं यशराजच्या हार्डवेअर दुकानातून टेम्पोनं आलं. नईमनं पर्याय म्हणून एक लोखंडी खुर्चीही आणली होती, मधे भोक असलेली, जुन्या भांड्यावर ठेवायची. पण आमचं भांडं चौथऱ्यावर, वर चढायला पायरी, आणि चौथरा जेमतेम. खुर्चीचे दोन पाय वर राहिले, दोन अधांतरी. नईम स्वतः बसून बघायला गेला आणि दाराला धरून वाचला. खुर्ची परत गेली.

सोमवारी नऊ वाजले. दहा वाजले. चहा दोनदा गरम करून मीच प्यायले. सम्राट फोन उचलेना. बाराच्या सुमाराला त्यानं उचलला. मागं मशीन घरघरत होतं.

"मावशी, हितं अपार्टमेंटचं अर्जंट काम निघालंय. चाळीस बाथरूम हायत. शनवारी येतो बघा, शब्द हाय."

"शनवारी येऊन काय करणार? माणूस गुरुवारी घरी येतोय."

"मग दुसरा कोन तरी बघा, मावशी." फोन बंद.

नईम कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत पाळीला गेलेला. त्याला फोन केला तर म्हणाला, "अम्मा, मी सुपरवायझरला विचारतो. बुधवारी सुट्टी मिळती का बघतो."

"बघू नको. मीच बसवते."

"तू?" तो हसला. मग हसायचा थांबला, कारण मी हसत नव्हते.

तीस वर्षं मी जोतीराम मिस्त्रींच्या हाताखाली बिगारी होते. माल कालवायचा, घमेलं उचलायचं, विटा भिजवायच्या. थापी कधी हातात घेतली नाही. बायकांच्या हातात थापी द्यायची पद्धत नव्हती. पण डोळ्यांवर कुणी झापड बांधली नव्हती. राजारामपुरीपासून पाचगावपर्यंत किती संडास डोळ्यांसमोर बसले असतील, त्याचा हिशेब नाही. आमचं हे घरही मिस्त्रींनीच बांधलं, आणि त्याला माल मीच कालवला.

मी शेजारी गेले. बयाबाई माझी तीस वर्षांची जोडीदारीण, त्याच मिस्त्रींकडची. भिंतीला भिंत लागून घर. ती दारात शेंगा फोडत बसली होती.

"बया, घण हाय का तुझ्याकडं?"

"हाय. कुणाचं टकुरं फोडायचंय?"

"संडास फोडायचाय."

तिनं मला खालून वर बघितलं. "तुझा का माझा?"

"माझा. तुझा चार दिवस वापरायला लागंल."

"वापर की. पर पान्याची बादली भरून ठेवायची, सांगून ठेवते." तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि पदर खोचला. मी तिला मदतीला ये असं म्हटलंही नव्हतं.

आधी पाणी बंद केलं. मग चौथऱ्याच्या कडेच्या फरशा छन्नीनं उचकटल्या. जुनं भांडं फुटेल तसं फोडलं. मिस्त्रींचं काम असं की घण मारला तर घणच उलटा यायचा. बयाबाई दर घावाला मिस्त्रींना शिवी घालायची.

"मेल्यानं एवढं सिमेंट कशाला घातलं? किल्ला बांधायचा हुता का?"

"सिमेंट मीच जास्त घातलं हुतं," मी म्हटलं. "माझं घर हुतं न्हवं."

"मग तुला घालते शिवी."

तीन वाजेपर्यंत भांडं आणि त्याच्या खालचा वाकडा ट्रॅप निघाला. पूर्वेच्या भिंतीतून येणारा चार इंची पाईप उघडा झाला. त्याच्या तोंडात मी पोत्याचा बोळा कोंबला, म्हणजे राडा आत जाणार नाही आणि वासही येणार नाही. मग चौथरा सपाट केला. राडा बयाबाईनं आणि मी घमेल्यानं बाहेर काढला. वय पासष्ट. दहा घमेल्यांनंतर गुडघे बोलायला लागले. अकरावं अर्धं भरलं, बारावं त्याहून अर्धं, पण थांबलो नाही.

कमोडच्या खोक्यात एक कागद होता. त्यावर मराठी सोडून सगळ्या भाषा होत्या. पण चित्रं होती आणि आकडे होते, ते पुरले. कमोडचं खालचं तोंड भिंतीपासून नऊ इंचांवर यायला हवं. पाईप पूर्वेच्या भिंतीतून येतो, तर पूर्वेच्या भिंतीलाच कमोडची पाठ लावायची, आणि पाईपाला एक बेंड टाकून तोंड वर काढायचं. सोपं. दार पश्चिमेला. मी बघितलेल्या सगळ्या बाथरूममध्ये दार उघडलं की कमोड समोर दिसायचा. तसाच हाही दिसेल, असं मला वाटलं.

सोमवारी संध्याकाळी बोळा काढून बेंड बसवला आणि जमीन भरून घेतली. मंगळवारी सकाळी लेव्हलची नळी पाण्यानं भरून चारी कोपऱ्यांना धरली, वर फरशा बसवल्या. थापी माझ्या हातात होती. बयाबाई माल देत होती आणि मिस्त्रींचा आवाज काढत होती. "ए खतिजा, माल पातळ झालाय! झोपा काढतीस काय गं?"

"माल तू कालवलायस."

"मग चांगला हाय."

मधे जोयाचा फोन आला. "अम्मी, अब्बांनी सकाळी अर्धी बशी चहा घेतला. परत सलाईन लावलंय. डॉक्टर म्हणतात असंच राहिलं तर नाकातून नळी घालायला लागेल. अब्बा म्हणतात, नळी घातली तर उपटून टाकेन."

"त्यांना सांग, कमोड बसतोय."

"सांगितलं. म्हणाले, बसल्यावर सांग."

दुपारी तीनला कमोड जागेवर ठेवला. ठेवून बघितला, खुणा केल्या, परत उचलला, खाली पांढऱ्या सिमेंटचा जाड थर दिला आणि दोघींनी मिळून तो अलगद खाली सोडला. टाकी चढवली. ओळंबा धरून बघितला. कडेचं सिमेंट ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. पांढराशुभ्र. आमच्या घरात एवढी पांढरी वस्तू दुसरी नव्हती.

पाच वाजून गेले होते. बयाबाई म्हणाली, "बसून बघू का?"

"सिमेंट ओलं हाय, टेकू नको. नुसतं अंदाज घे."

ती कमोडवर न टेकता गुडघे वाकवून, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून राणीसारखी बसल्याचं सोंग करू लागली. दार सताड उघडं होतं. तिच्या तोंडावर पिवळं ऊन पडलं.

"लई भारी जागा हाय गं!" ती म्हणाली. "हितनं दिवस मावळताना दिसतोय."

मी हसले, आणि हसता हसता उन्हाकडे वळून बघितलं.

दिवस मावळतो तिकडे किब्ला. तिकडे तोंड करून आम्ही पाच वेळा नमाज पढतो. आणि संडासला बसताना तिकडे तोंड करायचं नाही, पाठही करायची नाही. हे आम्हांला कुणी शिकवत नाही, इतकं ते लहानपणापासून अंगात असतं. जोतीराम मिस्त्री आमच्या धर्माचे नव्हते, पण घराचा पाया आखताना त्यांनी पहिलं विचारलं होतं, "खतिजा, तुमच्यात संडास दक्षिणोत्तर लागतो न्हवं?" म्हणून आमचं जुनं भांडं आडवं होतं. मी ते माझ्या हातानं फोडलं, आणि नवं दुसऱ्यांच्या घरासारखं बसवलं. तीस वर्षं जे संडास बघितले ते सगळे दुसऱ्यांचे होते. माझ्या डोक्यात पाईप होता, नऊ इंच होते, गुरुवार होता. पश्चिम नव्हती.

"काय झालं?" बयाबाई सरळ उभी राहिली.

मी सांगितलं. तिला समजावून सांगायला लागलं नाही. तिनंही आमचा पाया खणला होता.

तेवढ्यात नईम पाळीवरून आला. कमोड बघून त्याचा चेहरा फुलला. "अम्मा! सम्राटनं पण असा बसवला नसता!" मग मी काय म्हणते ते ऐकून तिथंच पायरीवर बसला.

"दोन दिवसांची मेहनत हाय, अम्मा."

"मला सांगतोस?"

"अगं, दवाखान्यात त्यांची खाट कुठल्या दिशेला हाय ते कुणी बघितलं का? आजारी माणसाला माफ असतंय. मौलानाला विचार, ते पण हेच सांगतील."

"सांगतील. आणि तुझे अब्बा मौलानाचं ऐकतील, मान हलवतील. आणि आत गेल्यावर काय करतील?"

त्यानं कमोडकडे बघितलं.

"तिरके बसतील," मी म्हटलं. "मला ठाऊक हाय. एस्टी लघवीला थांबली तरी ते आधी सूर्य कुठं हाय ते बघतात. ह्याच्यावर बसून ते अंग पिळणार, दिशा चुकवायला. रोज. डॉक्टर काय म्हटले आठवतंय? गोळा निसटंल."

नईमनं तोंडावरून हात फिरवला. "मग आता?"

उत्तर बयाबाईनं दिलं. ती खाली वाकून सिमेंटला बोट लावून बघत होती. "अजून वलं हाय. आत्ता उपटला तर निघंल. सकाळपर्यंत ठेवला तर फुटल्याबिगर निघायचा न्हाय. काय ते ठरवा, पर उभं राहून ठरवू नका."

मी टाकी सोडवायला घेतली.

नईमनं एका बाजूनं धरलं, मी दुसऱ्या बाजूनं, बयाबाईनं छन्नी खाली सारून हळूहळू हलवली. सिमेंट चिखलासारखं ओढत होतं. एकदा 'टक्' असा आवाज आला आणि तिघं जागच्या जागी थांबलो, पण ती फरशी होती. कमोड निघाला. आम्ही तो अंगणात नेऊन बादलीभर पाण्यानं धुतला, सिमेंटचा कण कण काढला. सकाळी बसवलेल्या फरशांपैकी सहा काढल्या. एक फुटली. रात्रीच्या इशाच्या नमाजाआधी मी हात धुतले.

रात्री मला झोप लागली. लोकांना वाटेल लागली नसेल. पण काय करायचं ते ठरलं होतं, आणि अंग मोडलं होतं.

बुधवारी सकाळी यशराजचं दुकान उघडायच्या आधी मी पायरीवर जाऊन बसले. त्यानं शटर वर करताना मला बघितलं.

"काय आजी, परत? सम्राट काय म्हणतोय?"

"सम्राट चाळीस बाथरूममधी हाय. मला एक बेंड आन् दोन फूट पाईप दे. आन् पाईप कापायला हेक्सॉचं पान."

"बेंड तर नेलाय की."

"त्यो पूर्वेला गेला. मला उत्तरेला जायचंय."

तो काय समजला कुणास ठाऊक. पण त्यानं एकाऐवजी दोन अर्धे बेंड काढून दिले. "आजी, एकदम काटकोनात वळवू नका. तुंबतंय. दोनदा थोडं थोडं वळवा." पोरगं दुकानात बसून शिकलं होतं.

उत्तरेच्या भिंतीला पाठ लावली म्हणजे बसणाऱ्याचं तोंड दक्षिणेला. त्यासाठी पाईप पूर्वेकडून आत आला की डावीकडून नेऊन उत्तरेच्या भिंतीशी वर काढायचा. आणि नेताना उतार ठेवायचा, नाहीतर मैला मधेच बसतो. मी परवा भरलेली जमीन परत फोडली. बयाबाईनं परवा मिस्त्रींना दिलेल्या सगळ्या शिव्या आज मला दिल्या, आणि वर दोन नव्या. नईमनं सुट्टी मिळवली होती. तो पाईप कापायला बसला.

"उतार किती, अम्मा?"

"नळी धर. पाईपाचं हिकडचं तोंड तिकडच्यापेक्षा दोन बोटं वर पाहिजे."

"कुणाची बोटं? माझी का तुझी?"

"मिस्त्रींची. म्हणजे तुझी धर, तुझी जाड हायत."

पाईप चिकटवला, तोंड वर आलं, उत्तरेच्या भिंतीपासून नऊ इंच. कमोड बसवायच्या आधी मी बयाबाईला म्हटलं, "काहीतरी टाकून बघू या. गेलं का न्हाय ते कळू दे."

ती घरात गेली आणि उकडलेले बटाटे घेऊन आली. चार होते. "दुपारच्या भाजीचं हायत. आमची अंबू ओरडणार." अंबूबाई तिची सासू, नव्वदीची, आणि तिचं ओरडणं अख्ख्या गल्लीला ऐकू यायचं.

वरून बटाटा टाकला, मागं बादली ओतली. नईम बाहेर चेंबरचं झाकण काढून उकिडवा बसला होता.

"आला?" मी विचारलं.

"न्हाय."

दुसरी बादली.

"आला का?"

"आला! आला! अख्खा हाय!"

"परत आणू नको म्हणावं," बयाबाई म्हणाली.

चारही बटाटे गेले. मग आम्ही जमीन भरली, फरशा लावल्या. कमोड परत पांढऱ्या सिमेंटवर बसवला तेव्हा बुधवारचे दोन वाजले होते. भिंतीत उजव्या हाताला लोखंडी पाईपचा दोन फुटी तुकडा आडवा बसवला, धरून उठायला. आणि एक गोष्ट तेव्हा कळली. पूर्वेला पाठ लावली होती तेव्हा बसणाऱ्याच्या गुडघ्यांपासून दारापर्यंत वीतभरच जागा होती. संडास लांबीला दक्षिणोत्तर आहे. आता समोर वॉकर उभा करता येईल एवढी जागा राहिली. घाईत मला पहिल्या दिवशी हेही दिसलं नव्हतं.

गुरुवारी सकाळी मी दारात उभी, तर मोटरसायकलवरून सम्राट.

"मावशी, आलो बघा! तासभर काढून आलोय."

"उशीर झाला, पावणं. चहा प्या आन् जावा."

तो आत गेला. लेव्हलचं यंत्र कमोडवर ठेवलं, बुडबुडा बघितला. यंत्र फिरवून परत ठेवलं, परत बघितला. टाकीचा नट हातानं चाचपला आणि अर्धा फेरा आवळला. तेवढा ढिला होता, ते मी कबूल करते.

"कुणी बसवला?"

"आमी."

"आमी म्हंजे कोण?"

"मी आन् ही बया."

तो बयाबाईकडे बघायला लागला. ती पदराला हात पुसत होती. "पर मावशी," तो म्हणाला, "ह्याचं तोंड दाराकडं पाहिजे. असा आडवा कुणी बसवत न्हाय."

"आमच्यात बसवतात."

"आन् कधी ठेवलाय सिमेंटवर?"

"काल दोन वाजता."

"मग आज दोनच्या आत कुणी बसायचं न्हाय. वजन पडलं तर हलंल." हे त्यानं खरं सांगितलं. जाताना त्यानं बयाबाईला हळूच विचारलेलं मला ऐकू आलं, की या मावशी रोजावर येतील का. बयाबाई म्हणाली, "येतील, पर तुला घमेलं उचलायला लागंल."

दवाखान्यातले कागद होईपर्यंत चार वाजले. मालकांना रिक्षातून उतरवलं तेव्हा मला ते ओळखू येईनात. गालाची हाडं वर आलेली, ओठ फुटलेले. पण सदऱ्याची सगळी बटणं लावलेली. जोयाला त्यांनी ती तीनदा लावायला लावली होती.

"आत चला, पडा जरा," नईम म्हणाला.

"न्हाय," ते म्हणाले. "आधी तिकडं."

वॉकरचे चार पाय टेकत, एकेक पाऊल टाकत ते संडासापर्यंत गेले. नईम मागून धरायला गेला तर त्यांनी मान हलवली. मी दार उघडून धरलं. ते उंबऱ्यात थांबले. आधी डावीकडे कमोडकडे बघितलं, मग मागं वळून अंगणातल्या उन्हाकडे बघितलं. मग आत गेले आणि दार लावून घेतलं.

आम्ही चौघं अंगणात उभे. जोया ओढणी चावत होती. बयाबाई भिंतीला टेकली होती. मला वाटत होतं, सिमेंट हललं तर? नट सुटला तर? हात निसटला तर? आतून काहीच आवाज येत नव्हता.

"अब्बा?" नईमनं हाक मारली.

"ओरडू नको. पडलेलो न्हाय." मग जरा वेळानं, "खतिजा."

"काय?"

"दक्षिणेला घेतलंस."

"व्हय."

"ह्यो दांडा?"

"धरून उठायला. वजन टाका, निघायचा न्हाय."

मग टाकीचं पाणी सुटल्याचा आवाज आला, मोठा, आणि मागोमाग चेंबरमध्ये खळखळ. बयाबाईनं माझ्या पाठीत एक रट्टा मारला. मालक बाहेर आले तेव्हा कपाळावर घाम होता आणि सदरा नीट खोचलेला होता. नळावर उभं राहून त्यांनी हात धुतले, साबण लावून, बोटांच्या बेचक्यांपर्यंत, कसलीही घाई न करता. आमच्याकडे पाठ करून चूळ भरली. मग म्हणाले, "पाणी दे."

मी तांब्या दिला. त्यांनी तो उभ्या उभ्या रिकामा केला आणि परत पुढं केला. दुसराही संपवला.

"भाकरी हाय का?"

"हाय. वांगंबी हाय."

"वाढ की मग. उभी का राहिलीस?"

दोन भाकरी खाल्ल्या त्यांनी. जोयानं तिसरी पुढं केली, ती अर्धी घेतली.

त्यानंतर पंधरा महिने ते रोज स्वतःच्या पायांनी जात-येत राहिले. पहिले दोन महिने वॉकर, मग काठी. घरात भांडं आणावं लागलं नाही, त्यांच्यासाठी कुणाला चादर वर करावी लागली नाही. मधल्या काळात मी गल्लीत आणखी तीन कमोड बसवले, बयाबाईबरोबर. कुणाचं तोंड कुठं पाहिजे, ते आता मी आधी विचारते.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदय कमजोर झाल्याचं सांगितलं आणि गोळ्या दिल्या. तीन फेब्रुवारीला सकाळी ते संडासला जाऊन आले, हात धुतले, चहा घेतला आणि खाटेवर पडले. माझे मालक गैबी इमाम नदाफ, वय त्र्याहत्तर, शनिवार, तीन फेब्रुवारी दोन हजार चोवीस रोजी सकाळी सव्वादहा वाजता कळंब्यात घरी वारले.